मु. पो. स्पोकॅन : गन्झॅगाच्या बास्केटबॉलची वाटचाल

आपल्या मंडळाचा इतिहास याच स्मरणिकेत जुन्या कार्यवाहांनी लिहिला आहे, आणि तो त्यांनीच लिहायला हवा होता. माझ्या वाट्याला संपादकांनी परमुलखातली संस्था दिली. लहान कॉलेजाने मोठा संघ कसा उभा केला यावर लिहा, एवढेच सांगितले. मी निवडलेल्या संस्थेच्या नावाच्या उच्चारापासूनच घोळ आहे. इटलीतला माणूस 'गोन्झागा' म्हणेल. अमेरिकेतले टीव्हीवरचे समालोचकही बरीच वर्षे तसेच काहीतरी म्हणत. पण ज्या गावात ही संस्था आहे तिथे 'गन्झॅगा' म्हणायचे, संघाला 'झॅग्ज' म्हणायचे, आणि चुकणाऱ्याला लगेच दुरुस्त करायचे.

ते गाव स्पोकॅन. वॉशिंग्टन राज्याच्या पूर्व टोकाला, आयडाहोच्या सीमेपासून थोड्याच अंतरावर. (राजधानीचे वॉशिंग्टन ते हे नव्हे, ते देशाच्या पार दुसऱ्या टोकाला.) सिअ‍ॅटल साडेचारशे किलोमीटरवर, आणि मध्ये डोंगररांगा. लोकसंख्या सव्वादोन लाखांच्या वर, म्हणजे आपल्याकडच्या मध्यम जिल्ह्याच्या गावाएवढी. हिवाळा लांब आणि बर्फाचा. कॉलेज बास्केटबॉलचा हंगाम नेमका नोव्हेंबर ते मार्च. संध्याकाळी चारलाच अंधारून येणाऱ्या गावाला चार भिंतींच्या आत एकत्र जमायला काहीतरी निमित्त लागते. ते निमित्त पुढे या संघाने पुरवले.

इतिहास संस्थापकापासून सुरू करायचा ही आपली रीत, म्हणून फादर जोसेफ कटाल्डो. जन्म सिसिलीचा, संघ जेझुइटांचा. म्हणजे मुंबईचे सेंट झेवियर्स आणि पुण्याचे सेंट व्हिन्सेंट्स ज्यांनी काढले, त्याच संघाची ही अमेरिकेतली माणसे. कटाल्डोंनी १८८१ मध्ये नॉर्दर्न पॅसिफिक रेल्वेकडून नदीकाठची ३२० एकर जमीन ९३६ डॉलरला घेतली, तीही चांदीची नाणी मोजून. १८८७ मध्ये कॉलेज सुरू झाले. नाव दिले अलॉयशियस गोन्झागा या सोळाव्या शतकातल्या तरुण संताचे. रोममध्ये साथीच्या रोग्यांची शुश्रूषा करताना तो तेविसाव्या वर्षी वारला आणि तरुणांचा रक्षक संत मानला गेला. बास्केटबॉल हा खेळ तेव्हा जन्मालाही आला नव्हता. जेम्स नेस्मिथने स्प्रिंगफील्डच्या वायएमसीएत फळांच्या टोपल्या टांगल्या त्या १८९१ मध्ये. वायएमसीएनेच पुढे हा खेळ आपल्या नागपाड्यात आणला, पण तो विषय वेगळा आणि त्यावर लिहिणारे जाणकार आपल्यात आहेत.

कॉलेजाच्या पहिल्या पन्नास वर्षांत बास्केटबॉलला फारशी किंमत नव्हती. फुटबॉल मोठा होता. रे फ्लॅहर्टी आणि टोनी कॅनाडिओ हे अमेरिकन फुटबॉलच्या हॉल ऑफ फेममध्ये गेलेले दोघे इथूनच निघाले. संस्थेचा सर्वांत प्रसिद्ध माजी विद्यार्थी मात्र खेळाडू नव्हे, गायक : बिंग क्रॉस्बी. कायद्याचा अभ्यास अर्धवट टाकून तो १९२५ मध्ये लॉस एंजेलिसला पळाला. कॉलेजाने १९३७ मध्ये त्याला मानद डॉक्टरेट दिली आणि त्याने कॉलेजाला ग्रंथालय बांधायला पैसे दिले. पदवी नसलेल्या मुलाने ग्रंथालय द्यावे, यात दोन्ही बाजूंचा मोठेपणा दिसतो.

१९४१ च्या हंगामानंतर फुटबॉल बंद झाला तो कायमचा. युद्ध सुरू झाले होते आणि फुटबॉल हा खर्चाचा खेळ. युद्ध संपल्यावरही तो परत सुरू केला नाही. अमेरिकेतल्या कॉलेजात फुटबॉल नसणे म्हणजे आपल्याकडच्या गावात जत्रा नसण्यासारखे. पण माझ्या मते या संस्थेच्या बास्केटबॉलचा खरा पाया तिथेच पडला. मोठ्या विद्यापीठांत क्रीडा विभागाचा पैसा, मैदान, माजी विद्यार्थ्यांचे लक्ष, सगळे आधी फुटबॉलकडे जाते आणि उरलेले इतरांना मिळते. इथे ताटात वाटेकरीच नव्हता. अर्थात ते ताट भरायला पुढची पन्नास वर्षे लागली.

मधल्या काळातली दोन नावे विसरता येत नाहीत. फ्रँक बर्जेस हा अर्कान्सासचा कृष्णवर्णीय तरुण हवाई दलातली नोकरी करून इथे आला आणि १९६०-६१ च्या हंगामात सामन्यामागे ३२.४ गुण काढून देशात पहिला आला. तीन हंगामांत त्याने २,१९६ गुण केले. पुढे तो वकील झाला, मग टकोमा इथे केंद्रीय न्यायाधीश. त्याच सुमारास जाँ-क्लोद लफेव्र हा सात फूट तीन इंचांचा फ्रेंच मुलगाही या संघात होता. परदेशातून खेळाडू आणणे हा गन्झॅगाचा अलीकडचा शोध असे सगळे लिहितात, तेव्हा हा उंच फ्रेंच माणूस कुणाला आठवत नाही. प्रशिक्षक हँक अँडरसन यांनी १९५१ ते १९७२ अशी एकवीस वर्षे संघ सांभाळला. नाव राज्याबाहेर गेले नाही, पण दिवा विझलाही नाही.

१९७९ मध्ये संस्थेने जुनी बिग स्काय परिषद सोडून वेस्ट कोस्ट परिषदेत प्रवेश घेतला. 'परिषद' म्हणजे आपल्या भाषेत गट : वर्षभर ज्यांच्याशी साखळी सामने खेळायचे ती कॉलेजे. नव्या गटातली बहुतेक कॉलेजे खासगी, धार्मिक संस्थांनी चालवलेली, आकाराने लहान. बरोबरीच्या घरांशी सोयरीक जुळावी तसे झाले. १९८० मध्ये कॉलेजाजवळच बार चालवणाऱ्या जॅक स्टॉकटन यांचा मुलगा जॉन प्रवेश घेऊन आला. त्याचे आजोबा याच कॉलेजाच्या फुटबॉल संघाचे गाजलेले खेळाडू. सहा फूट एक इंच, बारीक अंगाचा. मोठ्या विद्यापीठांनी त्याच्याकडे फारसे पाहिले नाही. १९८४ मध्ये एनबीएतल्या युटा जाझने त्याला सोळाव्या क्रमांकावर निवडले आणि तो एकोणीस हंगाम तिथेच राहिला. १५,८०६ असिस्ट आणि ३,२६५ स्टील हे त्याचे दोन्ही विक्रम अजून कुणी मोडलेले नाहीत. पण हेही लक्षात ठेवायला हवे की स्टॉकटनच्या चार वर्षांत गन्झॅगा एकदाही राष्ट्रीय स्पर्धेत गेला नाही. एका मोठ्या खेळाडूने संघ मोठा होत नाही, एवढे त्या चार वर्षांनी दाखवून दिले.

संघ बांधणारा माणूस होता डॅन फिट्झजेराल्ड. सगळे 'फिट्झ' म्हणत. प्रशिक्षक आणि क्रीडा संचालक ही दोन्ही कामे त्यांनी एकाच वेळी ओढली. त्यांची पद्धत साधी होती. वॉशिंग्टन आणि ओरेगॉनमधली, मोठ्या विद्यापीठांच्या नजरेतून सुटलेली मुले हेरायची आणि त्यांना घाई करू द्यायची नाही. अमेरिकेच्या नियमानुसार खेळाडूला पाच वर्षांच्या मुदतीत चार हंगाम खेळता येतात. मधले एक वर्ष तो फक्त सराव करून अंग भरू शकतो, त्याला 'रेडशर्ट' म्हणतात. मोठ्या संघातल्या मुलाला बाकावर बसणे अपमान वाटतो. इथे मुलांना ते वर्ष गुंतवणूक वाटावे असे वातावरण फिट्झनी तयार केले. तेवीस वर्षांचा, पाच वर्षे एकाच ताफ्यात राहिलेला मुलगा समोरच्या एकोणीस वर्षांच्या गुणवान मुलाला पुरून उरतो, हा त्यांचा हिशेब.

त्यांनी मदतनीसही तसेच निवडले : डॅन मन्सन, बिल ग्रायर आणि मार्क फ्यू. तिघेही तरुण, पगार तुटपुंजा. फ्यू ओरेगॉनमधल्या क्रेसवेल या छोट्या गावचा, पास्टरचा मुलगा. १९८९ मध्ये पदव्युत्तर विद्यार्थी-मदतनीस म्हणून आला. म्हणजे चेंडू गोळा करण्यापासून सामन्यांच्या चित्रफिती कापण्यापर्यंत पडेल ते काम.

१९९५ मध्ये गटातले पहिले सहा सामने हरून झाल्यावर हा संघ सावरला, गटाची शेवटची बाद स्पर्धा जिंकला आणि संस्थेच्या इतिहासात प्रथमच राष्ट्रीय स्पर्धेत गेला. तिथे मेरीलँडने पहिल्याच सामन्यात ८७-६३ असे हरवले. फिट्झ १९९७ मध्ये प्रशिक्षकपदावरून उतरले. त्यांची अखेर गोड झाली नाही : क्रीडा विभागाच्या एका खात्याच्या जमाखर्चावरून त्याच वर्षी डिसेंबरात त्यांना संचालकपदही सोडावे लागले. स्मरणिकेत असे प्रसंग गाळायची पद्धत आहे. मला ते बरोबर वाटत नाही. ज्या पायऱ्यांवरून संघ पुढे चढला त्या या माणसाने घातल्या होत्या, आणि तो त्यावरून पायउतार कसा झाला हेही त्याच इतिहासात आहे. मन्सन मुख्य प्रशिक्षक झाले आणि माइक रॉथ क्रीडा संचालक.

आता १९९९. या कॉलेजाच्या कालगणनेत त्या वर्षाआधीचे आणि नंतरचे असे दोन भाग पडतात, म्हणून इथे थोडे थांबतो.

अमेरिकेची ही राष्ट्रीय स्पर्धा समजून घ्यायला हवी. तेव्हा ६४ संघ, सगळे बाद पद्धतीने. एक हरलात की घरी. चार विभाग, प्रत्येकात एक ते सोळा मानांकने. गन्झॅगाला दहावे मानांकन होते. पहिला सामना मिनेसोटाशी, सिअ‍ॅटलला. आदल्याच दिवशी मिनेसोटाच्या खेळाडूंचा अभ्यास दुसऱ्याच कुणी लिहून दिल्याचे प्रकरण वृत्तपत्रात फुटले होते आणि त्यांच्या चार जणांना बसवण्यात आले. झॅग्ज ७५-६३ असे जिंकले. योगायोग, असे लोक म्हणाले. दुसऱ्या सामन्यात दुसरे मानांकन असलेल्या स्टॅनफर्डला त्यांनी ८२-७४ असे हरवले, तेव्हा योगायोग हा शब्द मागे पडला.

तिसरा सामना फिनिक्सला, फ्लोरिडाशी. शेवटची काही सेकंदे, झॅग्ज एका गुणाने मागे. बहामाचा क्वेंटिन हॉल, उंची जेमतेम पाच फूट आठ, आत घुसला आणि त्याची फेक चुकली. चेंडू कड्यावरून उसळला तिथे टकोमाचा केसी कॅल्व्हरी हवेत होता. त्याने बोटांनी ढकलला आणि चेंडू जाळीत गेला. घड्याळात चार सेकंदांच्या वर थोडेच शिल्लक होते. ७३-७२. समालोचक गस जॉन्सन यांनी त्या क्षणी सिंड्रेलाच्या बुटाचा दाखला देत केलेला आरडाओरडा अमेरिकेत अजून दर मार्चमध्ये ऐकवला जातो. तिकडे स्पर्धेत अचानक वर येणाऱ्या लहान संघाला सिंड्रेला म्हणतात : एका रात्रीची राजकन्या, बारा वाजले की पुन्हा चुलीपाशी. पुढच्या सामन्यात कनेक्टिकटने ६७-६२ असे हरवून बारा वाजवले. पण कनेक्टिकट त्या वर्षीचा विजेता ठरला, आणि त्यांना त्या वाटेवर कुठे घाम फुटला हे सगळ्यांनी पाहिले होते.

लहान संस्थेच्या यशाचा खरा धोका यानंतर सुरू होतो. हंगाम संपल्यावर मिनेसोटाने, म्हणजे पहिल्याच सामन्यात हरलेल्या त्याच विद्यापीठाने, मन्सन यांना मोठ्या पगारावर नेले. अशा संस्थांच्या गोष्टी बहुधा इथेच संपतात. चांगला प्रशिक्षक जातो, नवा बाहेरून येतो, आपली माणसे आणतो, आधीची मुले पांगतात आणि दोन वर्षांत संघ होता तिथे येऊन बसतो. गन्झॅगाने बाहेर शोध घेतलाच नाही. दहा वर्षे त्याच इमारतीत असलेल्या मार्क फ्यूला जुलै १९९९ मध्ये खुर्ची दिली. २००० मध्ये पुन्हा दहावे मानांकन, पुन्हा अंतिम सोळांत. २००१ मध्ये बारावे मानांकन, तरी अंतिम सोळांत. सिंड्रेला सलग तीन वर्षे मेजवानीला आली, तेव्हा यजमानांनी तिचे ताट कायमचे मांडायला घेतले.

फ्यूला पुढे मोठमोठ्या विद्यापीठांकडून विचारणा होत राहिल्या. तो गेला नाही. कारणे विचारली की तो नदीवरच्या मासेमारीबद्दल बोलतो, आणि ते अगदीच टाळाटाळीचे उत्तर नाही. त्याला गाव आवडत होते. क्रीडा संचालक रॉथ २०२१ पर्यंत राहिले. मदतनीस टॉमी लॉइड दोन दशके राहिला. ग्रायर २००७ मध्ये सॅन डिएगोला गेला, पण तोवर त्याचीही पंधराएक वर्षे इथे झाली होती. गन्झॅगाचे गुपित काय असे लोक विचारतात आणि उत्तरात डावपेच सांगतात, परदेशी मुले सांगतात, पैसा सांगतात. मला वाटते ते सगळे नंतरचे. माणसे एका जागी टिकली, म्हणून बाकीचे जमले. एका प्रशिक्षकाने शिकवलेली सवय दुसऱ्याला मोडावी लागली नाही. आज येणाऱ्या मुलाला पाच वर्षांनीही हाच माणूस समोर असेल, असा भरवसा पालकांना देता आला.

पैशाचेही सांगायला हवे, कारण त्याशिवाय संस्थेचा इतिहास अर्धाच राहतो. १९९० च्या दशकाच्या शेवटी कॉलेजाची प्रवेशसंख्या घटत होती आणि अंदाजपत्रकाला ओढ बसत होती. १९९९ नंतर अर्ज वाढले. पुढे विद्यार्थिसंख्या सात हजारांच्या वर गेली. राष्ट्रीय स्पर्धेत खेळलेल्या सामन्यांमागे गटाला एक हिस्सा मिळतो आणि तो सहा वर्षे चालू राहतो. गट तो सभासद कॉलेजांत वाटतो. म्हणजे झॅग्ज जिंकत तेव्हा गटातल्या प्रतिस्पर्ध्यांच्या तिजोरीतही भर पडत असे. हे बरीच वर्षे निमूट चालले. २०१८ मध्ये संस्थेने दुसऱ्या गटात जाण्याची चाचपणी केली, तेव्हा कुठे वेस्ट कोस्ट परिषदेने कमावणाऱ्याला जास्त वाटा द्यायचे ठरवले.

जुना हॉल चार हजारांचा. विद्यार्थी त्याला 'केनेल' (कुत्र्यांचे घर) म्हणत, कारण संघाचे चिन्ह बुलडॉग. २००४ मध्ये मॅकार्थी कुटुंबाच्या देणगीतून नवा हॉल झाला, सहा हजार आसनांचा. देशातल्या पहिल्या फळीच्या संघांचे हॉल पंधरा-वीस हजारांचे असताना सहा हजार म्हणजे कोतेपणा, असे काहींना वाटले. माझ्या मते हा त्यांचा सर्वांत शहाणा निर्णय. तिकिटासाठी विद्यार्थी थंडीत तंबू ठोकून राहतात, हॉल दर वेळी भरतो आणि छप्पर खाली असल्याने आवाज कानात बसतो. पाहुण्या संघाची त्यात त्रेधा उडते. जानेवारी २०२३ मध्ये लोयोला मेरीमाउंटने एका गुणाने हरवले, तोवर झॅग्ज घरच्या कोर्टवर सलग ७५ सामने जिंकले होते.

मोठे संघ अर्थातच अशा हॉलमध्ये यायला तयार नसत. मग हेच बाहेर पडले. कुणाशीही, कुठेही. २००५ मध्ये हवाईतल्या माउई स्पर्धेत मिशिगन स्टेटशी तीन जादा डावांपर्यंत लांबलेला सामना त्यांनी १०९-१०६ असा जिंकला. त्यात स्पोकॅनच्याच अ‍ॅडम मॉरिसनचे ४३ गुण. हा मुलगा टाइप-१ मधुमेही. बाकावर बसल्या बसल्या इन्सुलिन घेई आणि पुन्हा कोर्टवर उतरे. त्या हंगामात सामन्यामागे २८.१ गुण काढून तो देशात पहिला आला. पण त्याचे नाव निघाले की लोकांना आठवतो तो मार्च २००६ चा यूसीएलएविरुद्धचा सामना. सतरा गुणांची आघाडी, मग शेवटच्या काही मिनिटांत समोरच्यांचे सलग अकरा गुण, ७१-७३. मॉरिसन कोर्टवर कोसळून रडला आणि त्याला उठवायला प्रतिस्पर्धी अ‍ॅरन अफलालो पुढे झाला. या संस्थेच्या चाहत्यांना आनंदाची छायाचित्रे पुष्कळ मिळाली, पण घराघरांत राहिले ते हे.

टॉमी लॉइडकडे परदेशी मुलांचे खाते होते. मार्टिनिक बेटाचा रॉनी टुरिआफ हा त्यातला गाजलेला पहिला. मग जर्मनीचा एलिआस हॅरिस, पोलंडचा प्रशेमेक कार्नोव्स्की, लिथुआनियाचा डोमांतास सबोनिस, फ्रान्सचा किलियन टिली. कॅनडा तर शेजारीच. तिथला केली ओलिनिक दोन हंगाम खेळून झाल्यावर २०११-१२ चे पूर्ण वर्ष फक्त सराव करीत बसला आणि पुढच्याच हंगामात देशातल्या सर्वोत्तम पाचांत गेला. फिट्झचा जुना धडा अजून चालू होता. २०१६ मध्ये जपानमधल्या तोयामाचा रुई हाचिमुरा आला. आई जपानी, वडील बेनिनचे. इंग्रजी जवळजवळ येत नव्हते. तीन वर्षांनी तो एनबीएच्या पहिल्या फेरीत निवडला गेलेला पहिला जपानी झाला, नववा क्रमांक. सहा-सहा भाषांची मुले एका संघात आणि सामायिक भाषा म्हणजे पास. मोठी विद्यापीठे अमेरिकेतल्या शाळांच्या अंगणात एकमेकांशी भांडत होती, तेव्हा या लोकांनी समुद्रापलीकडे शोधाशोध केली. नाइलाजाने सुरू झालेले काम पुढे त्यांची ओळख झाले.

तरी टीका थांबली नाही. गट दुबळा, म्हणून विजयांची संख्या फुगते. खरी परीक्षा आली की हे गळतात. २०१३ मध्ये प्रथमच देशात पहिला क्रमांक मिळाला आणि विभागाचे पहिले मानांकनही. दुसऱ्याच सामन्यात नवव्या मानांकनाच्या विचिटा स्टेटने ७६-७० असे बाहेर काढले, तेव्हा टीकाकारांना हवे ते मिळाले. टीका अगदी पोकळ नव्हती. जानेवारी-फेब्रुवारीत वीस-वीस गुणांनी जिंकणाऱ्या संघाला मार्चमध्ये अटीतटीचा सराव उरत नाही, हे खरेच आहे. पण विचिटा स्टेट त्या वर्षी शेवटच्या चार संघांत पोचला, हेही टीका करताना सांगायला हवे होते.

२०१७ चा संघ मला सर्वांत जास्त आवडतो. कार्नोव्स्की आदल्या हंगामात पाठीच्या शस्त्रक्रियेमुळे जवळजवळ पूर्ण वर्ष बाहेर होता, तो परतला. वॉशिंग्टन विद्यापीठ सोडून आलेला नायजेल विल्यम्स-गॉस एक वर्ष बसून मग खेळायला लागला. सलग २९ विजय झाले, मग घरच्या कोर्टवर ब्रिगहॅम यंगकडून एक पराभव. राष्ट्रीय स्पर्धेत वेस्ट व्हर्जिनियाला ६१-५८, झेवियरला ८३-५९, मग शेवटच्या चारांत साउथ कॅरोलिनाला ७७-७३. त्यांच्या गटातला संघ शेवटच्या चारांत पोचल्याला साठ वर्षे झाली होती. १९५७ चा सॅन फ्रान्सिस्को हा त्याआधीचा. ३ एप्रिलला अंतिम सामना नॉर्थ कॅरोलिनाशी. दोन्ही बाजूंना बावीस-बावीस फाउल, शिट्टी थांबेना, खेळाला लयच सापडेना. दोन मिनिटांच्या आत वेळ उरला असताना झॅग्ज ६५-६३ असे पुढे होते. त्यानंतर त्यांचा एकही गुण झाला नाही. ६५-७१.

२०२० मध्ये ३१ विजय आणि दोनच पराभव अशा नोंदीनिशी ते तयार बसले असताना करोनामुळे स्पर्धाच रद्द झाली. पुढचा हंगाम त्याहून विलक्षण. डिसेंबरात बेलरशी ठरलेला सामना करोनाच्या चाचण्यांमुळे ऐनवेळी रद्द झाला. देशातले पहिले दोन संघ, आणि भेट राहून गेली. कोरी किस्पर्ट, टेक्सासचा ड्रू टिमी आणि पहिल्या वर्षाचा जेलेन सग्ज यांचा हा संघ एकही सामना न हरता शेवटच्या चारांत आला. ३ एप्रिल २०२१, इंडियानापोलिस, समोर पुन्हा यूसीएलए. जादा डावात ९०-९० बरोबरी, तीन-चार सेकंद बाकी. सग्जने मध्यरेषा ओलांडली आणि दोन पावलांवरून चेंडू फेकला. तो फळ्यावर आपटून जाळीत गेला, ९३-९०. सग्ज कोर्टच्या कडेच्या टेबलावर चढला. पंधरा वर्षांपूर्वीचे मॉरिसनचे अश्रू त्या रात्री स्पोकॅनमध्ये अनेकांनी पुसले असतील. दोनच दिवसांनी बेलरची राहिलेली भेट झाली. बेलरने सुरुवातीचे नऊ गुण सलग केले आणि मागे वळून पाहिले नाही. ७०-८६. १९७६ च्या इंडियानानंतर पहिला अपराजित विजेता होण्याची संधी अशी एका सामन्याने गेली, आणि हरकत घ्यायला जागा नव्हती; त्या दिवशी बेलर सरळ वरचढ होते.

महिला संघाला मी इथे कमी जागा देतो आहे, तो दोष माझा. २०११ मध्ये अकराव्या मानांकनावरून अंतिम आठांत गेलेला कोर्टनी व्हॅन्डरस्लूटचा संघ स्वतंत्र लेख मागतो. दोन हजार गुण आणि एक हजार असिस्ट असा दुहेरी पल्ला गाठणारी ती पहिली कॉलेज खेळाडू. पुरुषांत किंवा महिलांत त्याआधी तसे कुणी केले नव्हते.

पुढचे थोडक्यात. लॉइड २०२१ मध्ये अ‍ॅरिझोनाचा मुख्य प्रशिक्षक झाला. रॉथ निवृत्त झाले. २०२३ मध्ये अंतिम आठांत कनेक्टिकटने ८२-५४ अशी मोठी हार दिली. २०१५ ते २०२४ या काळात जेवढ्या स्पर्धा झाल्या त्या सगळ्या नऊंत हा संघ अंतिम सोळांत होता. ती मालिका २०२५ मध्ये ह्यूस्टनने ८१-७६ असे हरवून तोडली. १९९९ पासून स्पर्धा झाली आणि हे तिथे नव्हते, असे २०२५ पर्यंत एकदाही घडलेले नाही; सलग सव्वीस वेळा. फ्यू २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये अमेरिकेच्या सुवर्णविजेत्या संघाचा एक सहायक प्रशिक्षक होता. आणि ऑक्टोबर २०२४ मध्ये जाहीर झाले, की १९७९ पासूनची वेस्ट कोस्ट परिषद सोडून २०२६ पासून गन्झॅगा नव्याने उभारलेल्या पॅसिफिक-१२ मध्ये खेळणार. गट दुबळा, हे पालुपद त्यानंतर तरी बदलावे लागेल. ज्या वर्षीपर्यंतचा हिशेब मी इथे मांडला आहे, त्या २०२५ पर्यंत राष्ट्रीय विजेतेपद मात्र मिळालेले नव्हते.

आणखी एक गोष्ट सांगून थांबतो. फ्रँक बर्जेसचे २,१९६ गुण हा संस्थेचा विक्रम १९६१ पासून बासष्ट वर्षे टिकला. २०२३ मध्ये ड्रू टिमीने तो मागे टाकला आणि २,३०७ वर थांबला. बर्जेस २०१० मध्येच वारले होते. पण ज्या क्षणी विक्रम मोडला, तो क्षण हॉलमधल्या प्रत्येकाला नेमका ठाऊक होता, कारण साठ वर्षांपूर्वीच्या सामन्यांतला एकेक गुण कुणीतरी नीट लिहून ठेवला होता. आपल्या मंडळाच्या बऱ्याच जुन्या सामन्यांच्या स्कोअरशीट कार्यालयात नाहीत. त्या ज्यांच्या घरी माळ्यावर, ट्रंकेत किंवा वडिलांच्या कपाटात असतील, त्यांनी कृपया कार्यालयात आणून द्याव्यात. मूळ प्रत लगेच परत मिळेल. आम्हाला फक्त उतरवून घ्यायच्या आहेत.